आमच्या साठ केसेस, त्यांच्या साठ केसेस

या वेळचं पत्र:

"मॅडम नमस्कार, मी जनरल सर्जरीची जेआर-टू, म्हणजे दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट आहे, मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात. डीआरपीचे, म्हणजे जिल्हा रुग्णालयातल्या सक्तीच्या पोस्टिंगचे, तीन महिने सिव्हिलला करून आत्ताच परत आलेय. माझा थिसिस पर्फोरेशनवर (जठराला-आतड्याला भोक पडणं), साठ केसेस. माझे एमबीबीएसचे दोन बॅचमेट शेजारच्या जिल्ह्यांतल्या कॉलेजांत सर्जरीच करतायत, त्यांचे थिसिस पण जवळपास हेच, एकाचा पर्फोरेशन आणि एकाचा इमर्जन्सी लॅपरॉटॉमीनंतरचं (तातडीनं पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतरचं) वूंड इन्फेक्शन. परवा फोनवर विषय निघाला की आपण तिघं वेगवेगळं काय मोजत बसलोय, मिळून एकच मोठा स्टडी करू, बाहेरच्या देशात रेसिडेंट करतातच की. मी उत्साहात सरांना सांगितलं तर सर म्हणाले आधी लॉगबुक भर मग जगाचं बघ. सिनियर म्हणतात डेटा तू गोळा करशील आणि नाव भलत्याचंच लागेल. घरचे म्हणतात परीक्षा सव्वा वर्षावर आलीये. आमच्याकडे लॅपरोस्कोपीला (दुर्बिणीच्या ऑपरेशनला) हात लागत नाही, एका मित्राकडे लागतो, मग ट्रेनिंगचं पण काही एकत्र करता येईल का? आणि त्याच मित्राचं म्हणणं की त्याच्या कॉलेजचं नाव आधी पाहिजे, त्यावरून सुरू व्हायच्या आधीच आमचं वाजलंय. करू का सोडून देऊ? (नाव छापू नका, सर वाचतात.)"

अगं, कर. सोडून कशाला द्यायचं. फक्त तुमच्या फोनवरच्या गप्पांत जो "एकच मोठा स्टडी" तयार झालाय ना, तो आधी बारीक कर, इतका बारीक की नाईट संपवून आल्यावर सुद्धा फॉर्म भरायचा कंटाळा येऊ नये. आणि थिसिसला हात लावू नको. सिनॉप्सिस नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडून मंजूर होऊन आलं की तो विषय संपला, त्यात मित्रांच्या केसेस घुसवायच्या नाहीत आणि त्यांच्यात तुझ्या नाहीत. थिसिस वेगळा, हे वेगळं, दोघांची मास्टर चार्ट पण वेगळी.

बाहेरचे रेसिडेंट करतात हे खरंय, पण ते असं का करायला लागले हे माहीत असलेलं बरं, कारण आपलं गणित तिथंच वेगळं पडतं. इंग्लंडात सर्जरीचा ट्रेनी आपल्यासारखा तीन वर्षं एका कॉलेजला चिकटून नसतो, त्याला एका विभागातल्या वेगवेगळ्या हॉस्पिटलांत फिरवतात, सहा महिने इथं, वर्षभर तिथं, आणि त्यामुळं व्हायचं काय की पोरानं काही सुरू केलं की डेटा निम्मा होईस्तोवर त्याचं पोस्टिंग संपलेलं. बर्मिंगहॅमच्या आसपासच्या ट्रेनींनी मग असं ठरवलं की प्रोजेक्ट एका माणसाचा ठेवायचाच नाही, ग्रुपचा ठेवायचा, म्हणजे एक गेला तरी त्या हॉस्पिटलात आलेला दुसरा तो पुढं नेईल. तोच वेस्ट मिडलंड्स रिसर्च कोलॅबोरेटिव्ह. त्यांनी रॉसिनी नावाची ट्रायल केली. पोट उघडल्यावर जखमेच्या कडांना रिंगवालं प्लॅस्टिकचं कव्हर लावतात ना, त्यानं इन्फेक्शन कमी होतं का, बस, एवढा एकच प्रश्न. २१ हॉस्पिटलं, ७६० पेशंट, २०१३ ला बीएमजे या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. कव्हर लावलेल्यांत इन्फेक्शन २४.७ टक्के, न लावलेल्यांत २५.४ टक्के. म्हणजे त्या कव्हरचा काही उपयोग नाही. तुझे सिनियर म्हणतील एवढं करून हाती काय आलं तर भोपळा, मला मात्र तो भोपळा फार आवडतो, कारण विकत आणलेली एक वस्तू कामाची नाही हे शिकाऊ पोरांनी दाखवलं आणि कुठल्याच एकट्या हॉस्पिटलाला ते दिसलं नसतं.

का दिसलं नसतं ते तुझ्याच आकड्यावर बघ. समज तुझ्या साठ पेशंटांपैकी बाराजणांची जखम पिकली. थिसिसमध्ये तू लिहिणार २० टक्के, पाय चार्ट काढणार, बाहेरून आलेला परीक्षक मान डोलावणार. पण साठवर काढलेल्या त्या २० ची खरी किंमत, ९५ टक्के खात्रीनं बोलायचं तर, साधारण १२ पासून ३२ पर्यंत कुठंही असू शकते. १२ टक्के असेल तर तुमचं युनिट झकास आणि ३२ असेल तर ओटीत काहीतरी गडबड आहे, आणि तुझा थिसिस या दोन्हींतलं खरं काय ते सांगू शकत नाही. तेच सहाशे पेशंट असते आणि एकशेवीस पिकल्या असत्या तर तोच पट्टा १७ ते २३ वर आला असता, आता काहीतरी बोलता येतं. साठ केसेसचा थिसिस तुला मोजायला शिकवतो, त्याच्यासाठी तो आहे, तो नीट पूर्ण कर, पण त्यातून मराठवाड्यातल्या जखमांचं काही कळेल असं समजू नको. कपाटात लाल बाइंडिंगच्या रांगा लागल्यात त्या अशाच.

हेच पुढं जगभर झालं. ग्लोबलसर्ज म्हणून ग्रुप आहे, त्यांची पद्धत तुला जशीच्या तशी उचलता येईल. प्रत्येक हॉस्पिटलात दोन-तीन जणांची छोटी टीम, दोन आठवडे ठरवून घ्यायचे, त्या दोन आठवड्यांत बसणारा प्रत्येक पेशंट घ्यायचा, आवडीचा-नावडीचा नाही, आणि ३० दिवसांनी त्याचं काय झालं ते बघायचं. संपलं. अशा तुकड्या-तुकड्यांतून त्यांच्या दुसऱ्या स्टडीत ६६ देशांतले १२,५३९ पेशंट जमले आणि २०१८ ला आकडा बाहेर आला की पोटाच्या ऑपरेशननंतर जखम पिकण्याचं प्रमाण विकसित देशांत ९.४ टक्के, मधल्या देशांत १४ आणि सगळ्यात मागासलेल्यांत २३.२.

मग त्यांच्याच गोतावळ्यातून खऱ्या ट्रायली निघाल्या आणि त्या आपल्यासारख्या देशांत झाल्या, भारत पण होता. फाल्कन ही त्यातली एक, २०२१ ची, तिच्यात कातडी पुसायला क्लोरहेक्सिडीन बरं का बेटाडिन आणि शिवायला ट्रायक्लोसान हे जंतुनाशक लावलेला महागडा धागा बरा का साधा, हे बघितलं, ५,७८८ पेशंट, आणि कशानंच फरक पडला नाही. म्हणजे ओटीत बेटाडिनच आहे म्हणून खट्टू व्हायचं कारण नाही. दुसरी चीता, २०२२ ची, ती मला सगळ्यात जवळची वाटते. पोट बंद करायच्या आधी सगळ्यांनी ग्लोव्ह बदलायचे आणि इन्स्ट्रुमेंट ताजी घ्यायची, एवढंच केलं, आणि सात देशांतल्या ८१ हॉस्पिटलांत, १३,३०१ पेशंटांत, इन्फेक्शन १८.९ वरून १६ टक्क्यांवर आलं. प्रत्येकी ग्लोव्हची एक जोडी आणि एक जादाचा छोटा सेट. नवीन मशीन नाही, टेंडर नाही.

आता सांग, तुमच्या ओटीत रात्री दोन वाजता पर्फोरेशन धुऊन झाल्यावर शीथ (पोटाच्या भिंतीचा मजबूत थर) शिवायला घ्यायच्या आधी ग्लोव्ह बदलतात का? आणि मित्रांकडं? मला वाटतं तुम्हा तिघांचा पहिला प्रश्न हाच असावा. इमर्जन्सी लॅपरॉटॉमी, सलग सगळ्या, दोन आठवडे. ग्लोव्ह बदलले का, इन्स्ट्रुमेंट बदलली का, ३० दिवसांत जखम पिकली का. एवढे तीन मुख्य कॉलम आणि वय, लिंग, डायग्नोसिस, कंटॅमिनेशन (पोटात किती घाण सांडली होती) असे मोजके बाकीचे. फॉर्म एका पानाच्या वर गेला तर तो फॉर्म फाडून टाक. यात तुम्ही उपचार काहीच बदलत नाही, जे चाललंय ते फक्त ठरलेल्या चांगल्या पद्धतीशी ताडून बघताय, म्हणजे हे ऑडिट झालं. ग्लोव्ह बदलल्यानं इन्फेक्शन कमी होतं हे तुम्हाला परत सिद्ध करायचं नाहीये, तेवढे पेशंट तुमच्याकडं असणार पण नाहीत, आपण ते करतो की नाही आणि आपल्या जखमांचं काय होतं एवढंच बघायचंय.

एक कॉलम मात्र माझ्या आग्रहाखातर टाक. पोट दुखायला लागल्यापासून चाकू लागेपर्यंत किती तास, आणि त्यात मध्ये कुठं-कुठं थांबणं झालं. तू डीआरपीला होतीस, तुला हे आतून माहितीये. इंग्लंडात ट्रेनी फिरतो, आपल्याकडं पेशंट फिरतो. गावातल्या डॉक्टरकडं एक इंजेक्शन, मग ग्रामीण रुग्णालय, मग सिव्हिल, तिथं सर्जन रजेवर किंवा भूल द्यायला कुणी नाही म्हणून रेफर, मग १०८ नं संभाजीनगरच्या घाटी हॉस्पिटलला नाहीतर जे कॉलेज जवळ पडेल तिथं, आणि त्या एका पेशंटचे केस पेपर तीन इमारतींत पडलेले. कॉलेजातला रेसिडेंट फक्त शेवटचे चार तास बघतो आणि लिहितो "उशिरा आला". तो उशिरा आला नव्हता गं, तो वेळेवरच निघाला होता, वाटेत अडकला. एकट्या कॉलेजाला हे कधीच मोजता येणार नाही, पण ज्यांची पोरं एकेक करून डीआरपीला सिव्हिलला जातातच अशा तीन कॉलेजांना येईल. डीआरपीत पोरं नुसती ओपीडी उपसून परत येतात, तिथल्या रेफर रजिस्टरकडं कुणी ढुंकून बघत नाही. तुझी ओळख अजून ताजी आहे, आत्ता तिथं जो रेसिडेंट असेल त्याला धर.

आता ३० दिवसांचा फॉलोअप. तुमचा स्टडी इथंच मरणार, मरायचा असेल तर, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

दिवाळीच्या आगंमागं बीड, धाराशिव, जालना, परभणीकडची माणसं कारखान्याला जातात हे तुला सांगायला नको. टाके काढले की दहाव्या-बाराव्या दिवशी बाई कोयता घेऊन टोळीबरोबर साखर पट्ट्यात नाहीतर कर्नाटकात, आणि तुझ्या रजिस्टरमध्ये "लॉस्ट टू फॉलोअप". मग ज्यांचे फोन लागले त्यांच्याच जखमा तू मोजणार, म्हणजे गावात राहणाऱ्या, जरा बऱ्या घरच्या, आराम करू शकलेल्या. ऊस तोडताना पोटावर ताण येऊन ज्यांची जखम उसवली ती माणसं नेमकी यादीबाहेर. आकडा छान दिसेल आणि खोटा असेल. याच्यावर उपाय म्हणून लोक सीझन टाळून मे-जूनमध्ये स्टडी करतात, मला ते पटत नाही, मराठवाड्यातला स्टडी ऊसतोडीचा सीझन सोडून केला तर तो कुठला स्टडी झाला. करायचाच तर एक तुकडा सीझनमध्ये आणि एक सीझनबाहेर करा.

नंबर दोन घ्यायचे, ॲडमिट असतानाच, पेशंटला विचारून. स्वतःचा, आणि गावात मागं राहणाऱ्या कुणाचा तरी, सासूचा, जावेचा, पोरीच्या शाळेतल्या बाईंचा. मुकादमाचा नंबर घ्यायचा मोह होईल कारण तो हमखास लागतो, पण घ्यायचा नाही म्हणजे नाही. त्यानं उचल दिलेली असते, बाईचं ऑपरेशन झालंय, जखम चिघळलीये हे त्याला कळलं की उचलीचा हिशोब, खाडे, जोडी बदलणं, सगळं तिच्या अंगावर येतं. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ ला विधिमंडळापर्यंत गेलं ते काय उगाच नाही, काम बुडू नये म्हणून शरीराचं काय काय होतं हे तिथं सगळ्यांनी वाचलं. तेव्हा तुमच्या एका फोननं तिचं नुकसान होऊ नये एवढं बघायचं.

आणि फोनवर काय विचारणार? "जखम कशी आहे?" विचारलंस तर शंभरातले नव्वद "बरी हाय डॉक्टरसाब" म्हणून मोकळे होतील, डॉक्टरनं स्वतः फोन केलाय तर वाईट कशाला बोलायचं म्हणून. असं विचार: लुगड्याला, बनियनला डाग लागतो का? पट्टी कोण बदलतं आणि शेवटची कधी बदलली? गावातल्या डॉक्टरनं परत टाका उघडला का, पू काढला का? नवीन गोळ्या-इंजेक्शन सुरू झालंय का? हात लावल्यावर जखमेजवळ गरम लागतं का? जखमेबद्दल पेशंटला विचारायची अशी प्रश्नावली ब्रिटनमध्ये ब्लूबेल नावानं तयार झालीये, आणि पुढं ती आपल्यासारख्या देशांत फोनवर विचारता येईल अशी जुळवून पण घेतली गेली, ती शोधून वाच, पण शब्द आपल्याकडचे वापर. तिघांनी एकदा बसून ते प्रश्न मराठीत पक्के करा आणि तिघांनी तेच शब्द वापरा, नाहीतर नांदेडकडची पोरगी वेगळं विचारायलीय आणि लातूरकडचा पोरगा वेगळं, मग आकडे एकत्र करून काय उपयोग. उर्दू-दखनी बोलणारे पेशंट आपल्याकडं भरपूर, त्यांच्यासाठी पण एक प्रत करून ठेव.

सरांकडं परत जायचं, पण आता एक पान घेऊन, भाषण घेऊन नाही. सर लॉगबुक म्हणाले त्यात गैर काही नाही, आधी ते भरून त्यांच्या टेबलावर ठेव आणि मगच हे पान काढ. एचओडींची, म्हणजे विभागप्रमुखांची, खरी भीती वेगळी असते आणि ती ते तुला बोलून दाखवणार नाहीत. आपल्या डिपार्टमेंटचे मृत्यू आणि इन्फेक्शनचे आकडे बाहेर जातील, पेपरात येतील, वरून विचारणा होईल. सरकारी दवाखान्यातल्या मृत्यूंची बातमी झाली की काय वादळ उठतं ते त्यांनी सोसलेलं असतं. म्हणून त्या पानावर पहिल्याच दोन ओळींत लिही की कुठल्याही कॉलेजचा आकडा नावानं छापला जाणार नाही, कॉलेजांची तुलना होणार नाही, आणि आपल्या पेशंटांचा मूळ डेटा आपल्याच डिपार्टमेंटात राहील. दुसरं, प्रत्येक कॉलेजात एक फॅकल्टी जबाबदार म्हणून पाहिजेच, असोसिएट किंवा असिस्टंट प्रोफेसर चालतील, रेसिडेंटच्या सहीवर कुठलीच एथिक्स कमिटी बघत नाही. ते नाव सरांनाच सुचवू दे.

एथिक्सचं थोडक्यात. ऑडिट आहे म्हणून परवानगी नको असं कुणी म्हणालं तरी ऐकू नको, छापायचं असेल तर कमिटीपुढं जायचंच, तिनं सूट दिली तर ती सुद्धा लेखी घ्यायची. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बहुकेंद्री स्टडीसाठी एका मुख्य कमिटीनं बघायचं आणि बाकीच्यांनी ते मान्य करायचं अशी सोय आहे, विशेषतः ज्यात पेशंटला रिस्क नगण्य आहे तिथं, पण मान्य करणं त्या-त्या कमिटीच्या हातात असतं, म्हणून तिन्हीकडं एकाच वेळी, अक्षर न बदलता, तोच प्रोटोकॉल द्या. सिव्हिलची स्वतःची कमिटी नसेल तर कॉलेजच्या कमिटीकडून करून घ्यावं लागेल, त्याला लेखी करार लागतो, वेळ धरून चाल. पुढं कधी ट्रायल करायची वेळ आली तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या ट्रायलींच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी, २०१८ च्या एप्रिलपासून मागाहून नोंदणी बंद झालीये.

आणि व्हॉट्सॲपवर ग्रुप काढाल तो फक्त "फॉर्म भरला का रे" विचारायला. पेशंटचं नाव, आयपीडी नंबर, जखमेचा फोटो, काही म्हणजे काही त्यात टाकायचं नाही. प्रत्येकाला एक कोड, कोड आणि नावाची जोडी एका रजिस्टरात, रजिस्टर कुलपात. डेटा भरायला रेडकॅप हे सॉफ्टवेअर मिळालं तर उत्तम, पण ते संस्थेमार्फत घ्यावं लागतं, नाहीतर पासवर्ड लावलेली साधी एक्सेल चालेल, फक्त रकान्यात लोकांना हवं ते टाइप करू देऊ नका, एक "हो" लिहितो, एक "येस", एक "वाय", आणि शेवटी स्टॅट्सवाला डोकं धरून बसतो.

आता नाव. सिनियर घाबरवतायत ते अगदीच खोटं नाही. या अशा कामात पेपरवर लेखक म्हणून ग्रुपचं नाव लागतं आणि तुम्ही सगळे खाली कोलॅबोरेटर म्हणून येता, पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत, नाव शोधलं तर सापडतं. कोविडच्या काळात याच लोकांच्या कोविडसर्जनं ११६ देशांतले १,४०,२३१ पेशंट जमवले आणि एका पेपरवर १५,०२५ नावं लागली, गिनीजमध्ये नोंद झाली त्याची. मजाच आहे, पण तिथं पंधरा हजारांत तुझं नाव लागलं तर मुंबईच्या इंटरव्ह्यूत कुणी उठून उभं राहणार नाही. त्यात आपल्याकडं आणखी एक अडचण, प्राध्यापकांच्या पात्रतेच्या २०२२ च्या नियमांत पेपर धरायचा तर तुम्ही पहिल्या तीन लेखकांत किंवा करस्पाँडिंग (पत्रव्यवहार बघणारे लेखक) असायला हवं अशी अट घातली होती. ग्रुपच्या नावाला तिथं काही भाव नव्हता. मला हा नियम मुळात चुकीचा वाटतो, तो लोकांना एकत्र यायला शिकवत नाही, एकेकट्याला साठ-साठ केसेस मोजायला शिकवतो, पण आत्ता तुला सांगायचं ते एवढंच की प्रमोशनच्या मार्कांसाठी हे करत असशील तर करू नको. थिसिसचा पेपर पहिल्या नावानं काढ, मार्क तिथून येतील.

तरीही नावाचं सुरुवातीलाच लिहून घ्यायचं. कोण लिहिणार, कोण स्टॅट्स बघणार, किती पेशंट आणि फॉलोअप पूर्ण केला की कोलॅबोरेटर, मध्येच सोडलं तर काय, गाईड आणि एचओडींची नावं कुठं. हे पहिला पेशंट घ्यायच्या आधी एका मेलवर, तिन्ही फॅकल्टींना कॉपी ठेवून. तोंडी ठरलेलं रिझल्ट आला की कुणाला आठवत नसतं.

लॅपरोस्कोपीचं. मित्राच्या कॉलेजात जाऊन तू ऑपरेशन करशील असं काही होणार नाही, तुझी जबाबदारी तिथं कुणी घेणार नाही आणि घेऊ पण नये. ऑब्झर्व्हर म्हणून मात्र जाता येतं, दोन्ही एचओडींचं पत्र लागतं आणि तुझी रजा. पण त्याच्या आधी हात तयार ठेव. प्लॅस्टिकचा डबा, वरून दोन भोकं, आत लाइट, मोबाईलचा कॅमेरा, जुनी टाकाऊ इन्स्ट्रुमेंट, आणि मण्यांची अदलाबदल, गोल कापणं, आत गाठ मारणं, हे बॉक्स ट्रेनरवरचे नेहमीचेच व्यायाम. तिन्ही कॉलेजांत तेच व्यायाम आणि तीच वेळ मोजायची पद्धत ठेवा, महिन्यातून एकदा व्हिडिओ एकमेकांना दाखवा, चढाओढ लागली की पोरं आपोआप करतात. बदल्यात तुझ्याकडं पण देण्यासारखं आहे बरं का. सिव्हिलला हायड्रोसील, हर्निया, ॲब्सेस तू स्वतःच्या हातानं केले असशील, मोठ्या कॉलेजातल्या जेआर-टूला कधीकधी रिट्रॅक्टर धरण्याच्या पुढं जाऊ देत नाहीत. महिन्यातून एक तास ऑनलाइन, प्रत्येक कॉलेजनं एक बिघडलेली केस मांडायची, नाव-गाव न सांगता, आणि परीक्षा जवळ आली की त्याच तासाची मॉक व्हायवा करायची. घरच्यांना हे सांग, परीक्षेसाठी यापेक्षा चांगली तयारी नाही.

वेळेचा हिशोब मात्र नीट घाल. परवानग्या येईस्तोवर तीन-चार महिने सहज जातात, म्हणजे सर मान्य झाले की त्याच आठवड्यात कागद पुढं सरकले पाहिजेत. दोन आठवडे भरती, महिनाभर फॉलोअप, मासिकॉनसारख्या राज्यातल्या सर्जनांच्या कॉन्फरन्सला एक पोस्टर, परीक्षेला बसायला पोस्टर-पेपरचं काहीतरी लागतंच तुम्हाला. सीझनचा तुकडा तुझ्या वेळेत बसला नाही तर तो जेआर-वनला करू दे, त्याला आत्तापासूनच बरोबर घे, फॉर्म भरायला नाही, प्रोटोकॉल लिहायला. शेवटच्या सहा महिन्यांत तू फक्त त्याच्या शंकांना उत्तरं दे.

राहिलं तुमचं भांडण. ग्रुपला कुठल्याच कॉलेजचं नाव देऊ नका, प्रदेशाचं द्या. कॉलेजांची यादी बाराखडीनं लावायची म्हटलं तर अंबाजोगाईवाले कायम पहिले आणि हिंगोलीला उद्या रेसिडेंट आले तर ते कायम शेवटी, त्यावरून परत वाजेल. तेव्हा पूर्ण भरलेल्या फॉर्मच्या संख्येनं लावा. ज्याच्याकडं ३० दिवसांच्या फॉलोअपसकट जास्त फॉर्म पूर्ण, ते कॉलेज वर. आणि ज्याच्या फॉर्ममधले पाच टक्क्यांहून जास्त रकाने रिकामे, त्याचा डेटा बाहेर, मग ते मित्राचं कॉलेज असो नाहीतर तुझं. त्याला हे मान्य असेल तर रविवारी तिघं मिळून ते एक पान लिहायला बसा.